बोक्याच्या ताटातले पाणी

आगरदांड्याला दिघीची फेरीबोट लागते, त्या धक्क्याच्या आसपासची मांजरे सहसा उपाशी राहत नाहीत. राजपुरी खाडीतून होड्या आल्या की चार मांदेली, एखादा तुटका बोंबील त्यांच्या वाट्याला येतोच. आमचा तांबू हा बोका अशाच मासळीवर वाढला. पण 1 जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागली आणि घरात ताजी मासळी येईना. म्हणून आम्ही त्याला पहिल्यांदाच कोरड्या कॅटफूडवर आणले. एका दुकानात उघड्या गोणीतले सुटे खाद्य किलोवर मिळत होते. ते स्वस्त होते आणि तांबूने ते मिटक्या मारत खाल्ले. एवढ्यावरून आम्ही ते चांगले ठरवले.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा पुन्हा मातीत जाऊन बसू लागला. जोर करायचा, ओरडायचा, पण काहीच होत नव्हते. पोट साफ होत नसेल असे समजून आम्ही एक पूर्ण दिवस वाट पाहिली. ती आमची सर्वांत मोठी चूक. त्याची लघवी तुंबली होती. बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो. त्यात बारीक खडे किंवा चिकट स्राव अडकला की रक्तातले पोटॅशियम वाढते आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली, म्हणून तांबू वाचला.

नंतर त्यांनी विचारले, “काय घालता खायला? पाकीट दाखवा.” दाखवायला पाकीटच नव्हते.

हा आजार एकट्या कोरड्या खाद्याने होत नाही. वाढलेले वजन, पावसात घरातच बसून राहणे, ताण हीसुद्धा त्याची कारणे असतात. पण पाण्याचा हिशेब आमच्या ध्यानात कधीच आला नव्हता. ताज्या बोंबलात जवळपास 90 टक्के पाणी असते, कोरड्या खाद्यात जेमतेम 10 टक्के. चार किलोच्या बोक्याला दिवसाला साधारण 60 ग्रॅम कोरडे खाद्य पुरते. त्यातून त्याच्या पोटात फक्त 6 ग्रॅम पाणी जाते, आणि गरज असते सुमारे 200 मिलिलिटरची. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातली रानमांजरे. शिकारीच्या मांसातूनच पाणी मिळवायची सवय असल्याने मांजराला तहान कमी लागते. खाद्य कोरडे झाले म्हणून ते तेवढे जास्त पाणी पितेच असे नाही.

आता पाकिटाविषयी. पुढच्या बाजूचे ट्यूनाचे चित्र सोडून द्यावे आणि पाकीट उलटून पाहावे. तिथे क्रूड प्रोटीन, फॅट, फायबर आणि मॉइश्चर यांचे टक्के छापलेले असतात. कर्बोदके बहुधा छापलेली नसतात, ती आपण काढायची. समजा, एका पाकिटावर प्रथिने 30, स्निग्धांश 10, तंतू 5 आणि ओलावा 12 टक्के आहे. खनिजांची राख दिली नसेल तर ती 8 धरावी. बेरीज होते 65, म्हणजे कर्बोदके 35 टक्के. दुसऱ्या पाकिटावर हेच आकडे 36, 15, 4 आणि 10 असतील, तर कर्बोदके 27 टक्के. हा हिशेब अंदाजी असतो, कारण छापलेली प्रथिने ‘किमान’ आणि ओलावा ‘कमाल’ असतो. तरी दोन पाकिटांतला फरक त्यातून कळतो. दाणा बांधला जाण्यासाठी पीठ लागतेच, त्यामुळे काही कर्बोदके प्रत्येक कोरड्या खाद्यात असणार. पण मांजर मूळचे मांसाहारी. प्रथिने जास्त आणि पीठ कमी असलेले पाकीट त्याच्या प्रकृतीला जवळचे.

ओल्या खाद्याच्या पाऊचवर ‘प्रथिने 9 टक्के’ वाचून ते निकस समजू नये. त्यात ओलावा 84 टक्के असेल तर कोरडा भाग उरतो 16. नवाला सोळाने भागले की प्रथिने 56 टक्के भरतात. ओल्या आणि कोरड्या खाद्याची तुलना नेहमी अशी, पाणी वजा करूनच करावी. अमेरिकेतल्या ‘आफ्को’ या संस्थेच्या निकषांनुसार पाणी वगळून प्रौढ मांजराला किमान 26 आणि पिल्लांना 30 टक्के प्रथिने हवीत.

पण प्रथिनांचा आकडाही पुरेसा नाही. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.25 ने गुणून ‘क्रूड प्रोटीन’ काढते. 2007 साली चीनमधून अमेरिकेत आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये नायट्रोजनयुक्त मेलामाइन मिसळून हाच आकडा फुगवल्याचे उघड झाले. मांजरे-कुत्री मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली आणि कोट्यवधी डबे परत घ्यावे लागले. म्हणून घटकांची यादी वाचावी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. मका, मक्याचे ग्लुटेन, गव्हाचे पीठ अशी धान्ये वेगवेगळ्या नावांनी विखुरलेली असतील तर त्यांची मनात बेरीज करावी.

यादीत टॉरिन आहे ना, हे नक्की पाहावे. हे अमिनो आम्ल मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते कमी पडल्याने मांजरांची हृदये दुबळी होतात, हे कॅलिफोर्नियातल्या पॉल पायन यांनी 1987 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातले टॉरिन वाढवले. कुत्र्याचे खाद्य मांजराला रोज घालू नये, त्याचे हे एक मोठे कारण.

सुटे खाद्य घेऊच नये. त्यावर ना घटक, ना तारीख. कोकणच्या दमट हवेत उघड्या गोणीतली चरबी खवट होते आणि बुरशीही धरते. आपल्याकडे 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याने ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळले आहे, तेव्हा खबरदारी आपल्यालाच घ्यायची आहे. मांजर आवडीने खाते हाही दर्जाचा पुरावा नव्हे. दाण्यांवर चवीसाठी चरबी आणि मांसाचा अर्क फवारलेला असतो.

मग नुसती मासळीच घालावी का? तेही नाही. अनेक कच्च्या माशांतले थायमिनेज हे विकर बी-1 जीवनसत्त्व नष्ट करते, म्हणून मासळी उकडून, काटे काढून, जोडीला द्यावी. तांबूला आता पाकीटबंद कोरडे खाद्य कोमट पाणी घालून मिळते, सोबत उकडलेली मासळी आणि घरात तीन ठिकाणी पाण्याची भांडी.

आणि एक कळकळीचे सांगणे. तुमचा बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसत असेल आणि थेंबही पडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच तासाला त्याला डॉक्टरांकडे न्या.