डिझेल वाचविणारे लोहचुंबक
पंपाच्या इंजिनावर, डिझेलच्या नळीभोवती लोहचुंबक बसविल्यास इंधन वाचते, असे विक्रेते सांगतात. परंतु डिझेलवर चुंबकाचा म्हणण्याजोगा परिणाम होत नाही. शिवाय सुस्थितीतील इंजिनात जवळजवळ सर्व इंधन जळतेच. वाया जाते ती उष्णता, धुरावाटे व थंडाव्याच्या पाण्यावाटे. मग चुंबकाने वाचवावे काय? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मोटारींसाठीची अशी शंभराहून अधिक साधने तपासली. फारच थोड्यांत अल्पशी बचत आढळली. चुंबक बसविताना फिल्टरही साफ होतो व श्रेय चुंबकास मिळते, हे निराळेच! पंपाचा फुटव्हॉल्व्ह अरुंद, पाइप बारीक व वळणे अधिक असल्यास तेवढेच पाणी चढविण्यास जास्त डिझेल लागते. पैसे खर्चावयाचे ते तेथे खर्चावेत.