सदतीस घरं आणि एक चिंचोका

आईबाबांनो,

भातकापणी उरकते, घोटीच्या गिरण्यांमधून नव्या तांदळाचा वास सुटतो आणि आमच्या इगतपुरीत थंडीला खरी सुरुवात होते. चार महिने पावसानं झोडपलेली घरं उन्हात वाळत असतात. याच दिवसांत शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आयांमध्ये विषय निघतो, सुट्टीत कुठे जायचं. पूर्वी उत्तरं ठरलेली असत. आजोळी, वणीला, फार तर शिर्डीला. अलीकडे एक नवं उत्तर कानावर येऊ लागलंय. "गोव्याला चाललोय. ह्यांच्या मित्रांचं कॅसिनोचं ठरलंय, मग आम्हीही सोबत." हे बोलताना आईच्या हातात मुलाचं दप्तर असतं आणि मूल शेजारी उभं राहून सगळं ऐकत असतं.

मी एकतीस वर्षं मुलांना शिकवलं. निवृत्तीच्या वर्षी सहावीच्या वर्गाला 'माझी सुट्टी' हा निबंध दिला होता. एका मुलानं दीड पान लिहिलं होतं. समुद्र, वाळू, पाण्यावरची स्कूटर, सगळं आलं होतं. मग शेवटी चार ओळी होत्या. रात्री बाबा आणि काका नदीतल्या जहाजावर गेले, लहान मुलांना तिथे घेत नाहीत. आईनं हॉटेलच्या किटलीत पाणी तापवून कपातल्या शेवया करून दिल्या. बाबा सकाळी आले आणि झोपले. मग येताना गाडीत कोणीच बोललं नाही.

मी ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि वही हातात धरून बराच वेळ बसून राहिले. शेरा काय लिहावा ते सुचेना.

तुम्ही म्हणाल, एक रात्र वडील नव्हते तर एवढं काय झालं? खरं आहे. मी स्वतः रेल्वे कॉलनीत वाढले आणि वडील घरी नसलेल्या कितीतरी सणांच्या रात्री मी पाहिल्यात. १८६५ साली कसाऱ्याच्या घाटातून इगतपुरीपर्यंत गाडी आली, तेव्हापासून या गावाचं घड्याळ रेल्वेच्या ड्युटीवर चालतं. घाटाचा चढ एकास सदतीस, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर गाडी एक फूट वर चढते. म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिनं जोडतात. माझे वडील त्या इंजिनांवर होते. लक्ष्मीपूजनाला ते घरी असतील याची खात्री नसे. पण आई करंज्यांचा पहिला घाणा उतरला की त्यातल्या दोन करंज्या वेगळ्या पितळी डब्यात ठेवायची. "ह्या तुझ्या बाबांच्या," एवढंच म्हणायची. पहाटे ते आले की हातपाय धुऊन आधी तो डबा उघडायचे, आणि आम्ही भावंडं गोधडीतून तो आवाज ऐकायचो. ते घरी नव्हते, पण ते कुठे आहेत आणि कशासाठी आहेत हे आम्हाला ठाऊक होतं. त्या डब्यानं त्यांची जागा राखून ठेवलेली असायची.

वहीतल्या त्या मुलाकडे असा डबा नव्हता. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या भोवतीचं आहे.

आपल्या भागातल्या थंडीच्या सणांकडे जरा नीट बघा. आश्विन वद्य द्वादशीला आदिवासी पाड्यांवर वाघबारस होते. गुराखी पोरं वाघोबाला पुजतात आणि रानातच नव्या तांदळाची खीर शिजते. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला चातुर्मासभर वर्ज्य केलेली वांगी नि कांदा घरात परत येतात आणि खंडोबाला भरीत-रोडग्यांचा नैवेद्य होतो. नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून ताट येतं, त्यात केकच्या शेजारी आपल्यासारखीच करंजी असते. मग भोगी, मग संक्रांत. जानेवारीच्या मध्यापर्यंत हे चालतं. यातल्या एकाही पदार्थाला फार पैसे लागत नाहीत, पण प्रत्येकाला माणसं लागतात.

भोगीच्या भाजीचंच घ्या. वाल, ओला हरभरा, पावटा, गाजर, वांगं, बोरं, उसाचे करवे, शेंगदाणे, वर तिळाचं कूट. न खाई भोगी तो सदा रोगी, असं आपल्या आज्या म्हणत. पण या भाजीचा खरा कार्यक्रम असतो तो आदल्या संध्याकाळी. सोलायला इतकं असतं की एकट्या बाईचं ते कामच नव्हे. परातीभोवती सगळं घर बसतं. हरभऱ्याच्या खारानं बोटं आंबट होतात, मुलं ती चाटतात. सोलता सोलता अर्धे दाणे तोंडात जातात आणि तेव्हाच कोणीतरी म्हाताऱ्या आत्याची गोष्ट सांगतं.

दुसऱ्या दिवशी गुळपोळी. किसलेला चिकीचा गूळ, तिळाचं कूट, तेलावर खमंग भाजलेलं बेसन. गूळ कडेपर्यंत पोचला नाही तर कड कोरडी राहते, जास्त लाटली तर तव्यावर फुटते आणि गूळ करपतो. माझी नात आठ वर्षांची आहे. गेल्या संक्रांतीला तिच्या पहिल्या तिन्ही पोळ्या फुटल्या. ती रडवेली झाली. मी तवा पुसून घेतला आणि चौथी लाटताना तिच्या हातावर हात ठेवला. चौथी नीट फुगली. तिनं ती स्वतः खाल्ली नाही, बाबांसाठी झाकून ठेवली. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं, तिनं ते बघितलेलं होतं.

आता कॅसिनोबद्दल. मी स्वतः तिथे गेलेली नाही, पण पालक आहात म्हणून काही गोष्टी तुम्हाला नेमक्या माहीत असायला हव्यात. महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी नाही. १९७६ साली कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर यांचा कायदा झाला होता, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ साली विधिमंडळानं तो रद्द केला. म्हणून आपल्याकडची माणसं गोव्याला जातात, पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर. तिथे २१ वर्षांखालच्यांना जुगाराच्या दालनात प्रवेश नाही. आणि ही गोष्ट मला फार बोलकी वाटते, १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांनाच तिथे खेळायला बंदी आहे. ज्या राज्याच्या नदीत ती जहाजं उभी आहेत, त्या राज्यानं आपल्या माणसांना त्यांच्यापासून दूर ठेवलंय. आपण मात्र तीच जहाजं सहलीच्या यादीत घालतो.

पैशांचं गणितही मुलांपासून लपवू नका, उलट त्यांच्याकडूनच करून घ्या. थंडीत आपण शेगडीभोवती बसून पत्ते खेळतो. बदाम सात, झब्बू, मेंढीकोट. पैशांऐवजी चिंचोके लावतो आणि खेळ संपला की चिंचोके परत डब्यात जातात. एका रात्री तेच चिंचोके घ्या. कागदावर ३७ घरं आखा, शून्यापासून ३६ पर्यंत. कॅसिनोतल्या रूलेटचं चाक असंच असतं. प्रत्येक घरात एक चिंचोका ठेवा आणि चिठ्ठी काढा. कुठलाही आकडा आला तरी तुमचं एक घर जिंकणारच. जिंकल्यावर ३५ चिंचोके मिळतात आणि तुमचा स्वतःचा एक परत येतो. लावले ३७, आले ३६. एक चिंचोका टेबलवाल्याचा. पुन्हा खेळा, पुन्हा एक गेला. दहा डावांनंतर मुलगा आपणहून विचारेल, "मग जिंकतं कोण?" चाकावर दोन शून्यं असतील तर प्रत्येक डावाला दोन चिंचोके जातात. सदतिसात एक, हा आपल्या घाटाचाच आकडा आहे. घाटात ३७ फुटांमागे आपण एक फूट वर येतो, त्या टेबलावर सदतीस रुपयांमागे एक रुपया खाली जातो. एखाद्या रात्री कोणी जिंकतोही, ते खरं आहे, पण रात्रभर बसणाऱ्याला हा उतार चुकत नाही.

त्यावर कर वेगळा. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोतल्या चिपांच्या पूर्ण दर्शनी किमतीवर २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. चाक फिरण्याआधीच खिशातली मोठी रक्कम गेलेली असते.

जुगाराचं वेड ही फक्त हौस किंवा वाईट सवय राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला जागा मिळाली आहे. आणि ते नवीनही नाही. ऋग्वेदातल्या अक्षसूक्तात फाशांनी उद्ध्वस्त झालेला माणूस स्वतःची कहाणी सांगतो. बायको दुरावली, सासू तिरस्कार करते, उसने पैसे कोणी देत नाही. शेवटी त्याला सल्ला मिळतो तो असा की फासे सोड आणि शेत नांगर. तीन हजार वर्षांपूर्वीचं ते घर वाचताना मला आपल्या गल्लीतली दोन-तीन घरं आठवतात. आधी मटका, मग मोबाईलवरची रमी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला, तेव्हा अशा घरांतल्या कितीतरी बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

म्हणून विनंती करते. गोव्याला जरूर जा. मंगला एक्स्प्रेस आपल्याच घाटातून उतरून मडगावला जाते. तिथला हिवाळा सुंदर असतो, नाताळात दोदोल नि बेबिंका मिळते, जत्रेत खाजं मिळतं, आपल्यातल्या अनेकांची कुलदैवतंही तिथेच आहेत. पण सहलीचा बेत आखताना कॅसिनो हा त्या सहलीचा कणा होऊ देऊ नका. वडीलधाऱ्यांचा एखाद्या रात्रीचा हट्ट असलाच तर रक्कम निघण्यापूर्वी घरातच ठरवा, पतीपत्नी दोघांनी मिळून, आणि ती सिनेमाच्या तिकिटासारखी खर्ची घाला, परत येईल म्हणून नव्हे. कार्ड खोलीतच ठेवा. गेलेले पैसे वसूल करायला दुसऱ्या रात्री जायचं नाही, हेही आधीच ठरवा. आणि मुलांना खरं सांगा, कुठे चाललो, का चाललो, कधी येणार. रात्रीचं जेवण मात्र सगळ्यांनी एकत्र करा. किटलीतल्या शेवयांवर मुलांना झोपवू नका.

बायांनो, तुमच्याशी एक वेगळं बोलते. घरातला माणूस पैशांबद्दल खोटं बोलू लागला, दागिने जागेवर दिसेनासे झाले, पगाराची तारीख उलटूनही किराणा उधारीवर येऊ लागला, तर गप्प बसू नका. अब्रूची भीती वाटते, कळतं मला. टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. व्यसन सोडवता येतं हे पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून दाखवत आलंय.

आता यंदाच्या बेताचं. कॅलेंडर काढा आणि सहलीच्या तारखा लिहिण्याआधी त्यावर चंपाषष्ठी, भोगी आणि संक्रांत लिहा. त्या दिवशी कोण काय करणार ते मुलांनाच वाटून द्या. वाल कोण सोलणार, तीळ कोण भाजणार, गूळ कोण किसणार. ज्याची ड्युटी असेल त्याचा डबा कोण भरणार तेही लिहा. भोगीच्या आदल्या दिवशी मुलांना बाजारात घेऊन या आणि पिशवी त्यांच्या हातात द्या. मीही तिथेच असेन, हरभऱ्याच्या जुड्यांपाशी.