‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणजे नक्की काय गेले?

जुन्या गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला की मिस्त्री पहिल्या दमात सांगतो, ‘कॉम्प्रेसर गेला.’ तागा उलगडून पाहिल्याशिवाय आम्ही कापडाचा दाम ठरवत नाही. मग इथे हजारो रुपये न पाहता का मोजावेत?

इंजिन सुरू ठेवून एसीचे बटण दाबावे. झब्ब्याची बाही मात्र पट्ट्यापासून दूर! कॉम्प्रेसरच्या तोंडाशी असलेली क्लचची प्लेट ‘टक्’ करून फिरू लागली पाहिजे. फिरत नसेल तर आधी फ्यूज, रिले व वायर पाहावी. गॅस कमी असला तरी प्रेशर स्विच क्लचची वीज तोडतो. म्हणजे धडधाकट कॉम्प्रेसरही बंदच दिसतो. अशा वेळी जोडांवर तेलकट डाग शोधावा, गळती बहुधा तिथेच असते.

क्लच फिरूनही गारवा नसेल तर दोन्ही गेज लावायला सांगावे. सक्शनचा दाब चढलेला, डिस्चार्जचा उतरलेला, असे असेल तर मिस्त्री बहुतेक खरे बोलतो. नवा बसवताना तेल गाडीतल्या गॅसला चालणारे हवे. आर-१२ आणि आर-१३४ए यांचे तेल वेगवेगळे असते. जुना आतून तुटला असेल तर ड्रायर बदलून लाइन धुऊन घ्यावी, नाहीतर आत राहिलेला धातूचा चुरा नव्यालाही खातो.