वेदनाशामक गोळी आणि कंपन्यांचा प्रचार

ऊसतोडीने कंबर धरलेला दौंडचा मजूर किंवा शिरूरचा शेतकरी आपले औषध स्वतः निवडीत नाही. ते डॉक्टर लिहून देतात. म्हणून औषध कंपन्या डॉक्टरांनाच गाठतात.

अमेरिकेत पर्ड्यू कंपनीने १९९६ मध्ये ‘ऑक्सिकॉन्टिन’ ही अफूवर्गीय वेदनाशामक गोळी आणली व तिचे व्यसन क्वचितच लागते, असे डॉक्टरांच्या मनावर ठसविले. असंख्य रोगी व्यसनात अडकले. २००७ व २०२० मध्ये कंपनीला गुन्हा कबूल करावा लागला.

आपल्याकडे याच वर्गातील ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च औषधाच्या दरातून रोग्याकडूनच वसूल होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दाखवून दिले. २०२४ च्या संहितेने अशा भेटवस्तूंना मनाई केली.

तरीही मला वाटते, ‘गोळी कशाची? किती दिवस घ्यायची?’ हे डॉक्टरांना विचारण्यास आपण शिकलेल्या मुलांनी घरच्यांना शिकवावे.