नावाड्यांच्या घराण्याची नोंद काढायची? खर्च किती, जायचे कुठे?

वैनगंगेवर पूल नव्हते तेव्हा मूल-सावलीकडचा माणूस गडचिरोलीला जायचा तो ढिवर, केवट, भोई नावाड्यांच्या डोंग्यातून. आज त्यांच्या नातवंडांना पणजोबांची नोंद हवी असते. कुणाला वंशावळीसाठी, बहुतेकांना जात पडताळणीसाठी. भटक्या जमाती (ब) मधल्या या जातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यासाठी दलालाला हजारो रुपये देऊ नका. खालच्या क्रमाने गेलात तर काम थोडक्यात होते.

१. घर : खर्च शून्य. पणजोबांचे नाव, मूळ गाव आणि ते कोणत्या घाटावर होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या. काका किंवा चुलतभावाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत आधी मिळवा. वडिलांकडच्या रक्तनात्यातला हा पुरावा फार भक्कम मानला जातो.

२. कोतवाल बुक : तहसील कार्यालय. नावाड्याकडे अनेकदा शेती नसायची, म्हणून सातबाऱ्यापेक्षा गावची ही जन्म-मृत्यूची नोंदवही महत्त्वाची. त्यात तारीख, बापाचे नाव आणि जात असते. बाळाचे नाव पुष्कळदा नसते, नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. अशी नोंद शाळेतल्या जन्मतारखेशी जुळवून पाहावी लागते. जमीन असेल तर अधिकार अभिलेखाचीही नक्कल मागा. शुल्काची पावती घ्यायला विसरू नका.

३. शाळा. आजोबा पहिलीत बसले असतील तरी दाखल-खारीज रजिस्टरात नाव आणि जात सापडते. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करा.

४. माहिती अधिकार. नोंद मिळत नसेल तर अर्जाला १० रुपये आणि प्रतीला दर पानी २ रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला अर्जशुल्क नाही. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा. त्याचे शुल्क २० रुपये.

५. घाटाचे कागद. मध्य प्रांतात १८७८ च्या फेरी कायद्याने नावघाटांचे ठेके दिले जात. त्या कागदांत ठेकेदार सापडेल, वल्हे मारणारा क्वचितच. म्हणून पडताळणीसाठी यामागे पैसे घालवू नका. घराण्याचा इतिहास लिहायचा असेल तर मात्र नागपूरचे अभिलेखागार गाठा. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातली ढिमर आणि केवट जातींवरची प्रकरणे इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

हिशेब. तीन कार्यालयांत माहिती अधिकाराचे अर्ज केले आणि प्रत्येकी २० पाने मिळाली, तर ३० अधिक १२० असे १५० रुपये. नक्कल शुल्क आणि एसटीचे भाडे वेगळे. जातीच्या दाखल्यासाठी तहसीलदारांपुढे करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. कोणी पाचशेचा स्टॅम्प मागितला तर साध्या कागदावर करून द्या.

दोन खबरदाऱ्या. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला, त्यामुळे पलीकडच्या काठावरच्या गावाचे जुने कागद चंद्रपूरलाही विचारा. आणि जुन्या कागदात ढिमर, धीवर, केवट असे जे लिहिले असेल ते तसेच राहू द्या. खाडाखोड दिसली की खरा पुरावाही संशयात सापडतो.

ज्यांनी दोन काठ जोडले त्यांचे नाव कागदावर असणे हा त्यांच्या लेकरांचा हक्क आहे. मुलगा दहावीत गेला की या नोंदींसाठी अर्ज टाका. प्रवेशाच्या घाईपर्यंत थांबू नका.