शितावरून भाताची परीक्षा

चुलीवर भात शिजतो आहे. शिजला का नाही, हे घरातली बाई कशी ओळखते? सारा भात ती खाऊन बघत नाही. पळीने चार शिते काढते, बोटांत दाबते आणि सांगते, "झाला भात." चार शितांवरून साऱ्या पातेल्याची परीक्षा होते. या चार शितांना म्हणायचे नमुना.

पण जाणती बाई शिते काढण्याआधी भात खालीवर करते. तळाचा भात लवकर शिजतो, वरचा मागे राहतो. नुसती वरची शिते दाबली तर परीक्षा चुकते.

गावाच्या पिकाचेही असेच आहे. यंदा बाजरी किती झाली, हे सरकारला कळायला हवे. प्रत्येक शेताचे धान्य मोजायला माणसे पुरणार नाहीत. म्हणून थोडी शेते निवडायची, तेवढ्यांतले पीक कापून मोजायचे आणि त्यावरून सगळ्या पिकाचा अंदाज बांधायचा. याला पीककापणी प्रयोग म्हणतात.

शेत कोणी निवडायचे?

आपला खंडाळा तालुका घ्या. एका अंगाला नीरा नदी, दुसऱ्या अंगाला खंबाटकी घाट. कुठे कॅनॉलचे पाणी आहे, कुठे विहीर आहे, तर कुठे नुसता पावसाचा भरवसा. एकाच शिवारात काळे रान असते आणि मुरमाड माळही असतो.

आता मोजायला येणाऱ्या माणसाने सडकेकडेचे हिरवेगार शेत धरले, तर पीक उगाच जास्त दिसेल. कोणी त्याला मुद्दाम माळावर नेले, तर कमी दिसेल. वजन चोख केले, तरी अंदाज चुकणारच. वरवरची शिते काढल्यासारखेच ते झाले.

यावर उपाय सोपा आहे. पीक असलेल्या सगळ्या शेतांच्या चिठ्ठ्या करा. मडक्यात घालून हलवा. मग न बघता हवी तेवढ्या चिठ्ठ्या काढा. शंभर शेते असली आणि चार चिठ्ठ्या काढल्या, तर प्रत्येक शेत निघण्याची शक्यता शंभरात चार. पाटलाच्या शेताची तेवढीच, विधवेच्या शेताचीही तेवढीच. चिठ्ठीला नातेगोते नसते. खऱ्या कामात चिठ्ठ्यांऐवजी आकड्यांचे तक्ते वापरतात, पण तत्त्व हेच.

बुधचे सुखात्मे

हे शास्त्र ज्यांनी आपल्या देशात रुजवले, त्यांत सातारा जिल्ह्याचे एक सुपुत्र होते. त्यांचे नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९११ साली खटाव तालुक्यातल्या बुध या गावी त्यांचा जन्म झाला. पुण्याला शिकून पुढे ते लंडनला गेले आणि तिथे संख्याशास्त्र शिकले. संख्याशास्त्र म्हणजे आकडे गोळा करून त्यांचा अर्थ लावण्याची विद्या. परत आल्यावर दिल्लीच्या शेती संशोधन परिषदेत त्यांनी पीक मोजण्याच्या रीती तपासल्या. १९५१ साली ते जागतिक अन्न व शेती संघटनेत गेले. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९९७ साली ते वारले.

त्यांनी दाखवलेली एक गोष्ट शेतकऱ्याला चटकन पटेल. शेतात कापणीसाठी जी चौकट आखतात, ती फार लहान असली तर पीक जास्त भरते. असे का व्हावे? चौकटीच्या कडेवर काही ताटे येतात. ती आतली का बाहेरची, असा प्रश्न पडतो. कापणारा माणूस बहुधा ती आत ओढतो. लहान चौकटीत मोजमापाच्या मानाने कड जास्त.

हिशेब करून बघा. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकट घेतली, तर तिचे क्षेत्र १ चौरस मीटर आणि कड ४ मीटर. १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद चौकट घेतली, तर क्षेत्र ५० चौरस मीटर आणि कड ३० मीटर. म्हणजे एका चौरस मीटरमागे कड फक्त ६० सेंटिमीटर. कड कमी, तेवढी चूक कमी. ज्वारी-बाजरीला साधारण १० बाय ५ मीटरची चौकट घेतात.

एका हेक्टरात अशा २०० चौकटी बसतात. म्हणून चौकटीत ६ किलो बाजरी निघाली, तर हेक्टरी १२०० किलो धरतात. हे नीट ध्यानात घ्या. चौकटीत अर्ध्या किलोची चूक झाली, तर हेक्टरी १०० किलोंची चूक होते!

सरासरी म्हणजे काय?

समजा, पाच शेतांत एकरी बाजरी अशी झाली : ३, ३, ४, ४ आणि ११ क्विंटल. अकरावाल्याची विहीर आहे. सगळ्यांची बेरीज २५. तिला पाचाने भागले की आले ५. ही झाली सरासरी.

पण पाच क्विंटल बाजरी झाली कोणाला? एकालाही नाही. पाचांपैकी चौघांना कमीच झाली. म्हणून सरासरीबरोबर मधला आकडाही बघावा. आकडे चढत्या क्रमाने मांडले की बरोबर मध्ये येतो ४. पाच आणि चार यांत फरक दिसला, की समजावे, कोणीतरी एकजण फार वर आहे.

पावसाचेही असेच. आपल्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खंडाळ्याला त्याच्या एकदशांशाच्या आसपास. साऱ्या जिल्ह्याची सरासरी काढली, तर ती महाबळेश्वरला लागू नाही आणि खंडाळ्यालाही नाही.

पीकविम्यात हा घोळ माणसाला जाचतो. एक आजोबा विचारतात, "साहेब, माझी बाजरी पार गेली. एक कणीस हाताला लागलं नाही. मग मला भरपाई का नाही?"

साहेब सांगतात, "आजोबा, नुसतं तुमचं शेत नाही बघत. साऱ्या महसूल मंडळाची सरासरी काढतात. ती उंबरठा उत्पन्नाच्या खाली आली तरच भरपाई. यंदा ती वर आली."

आजोबांचे म्हणणे खरे आहे आणि सरासरीही खरी असू शकते. सरासरी मंडळाची गोष्ट सांगते, एकट्या आजोबांची नाही.

नाण्याला आठवण नसते

रुपया चार वेळा उडवा. कधी चारही वेळा छापाच पडेल. सोळा डाव खेळलात, तर त्यांत सरासरी एकदा असे होते. पण शंभर वेळा उडवा, छापा आणि काटा जवळजवळ निम्मे-निम्मे पडतील. म्हणून दोन-चार शेतांच्या कापणीपेक्षा पुष्कळ शेतांची कापणी जास्त भरवशाची.

आणखी एक. चार वेळा छापा पडला म्हणून पाचव्यांदा काटा पडलाच पाहिजे, असे नाही. पावसानेही तसा करार केलेला नाही. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना आठवतो. त्याआधीची वर्षेही पुष्कळ ठिकाणी तुटीचीच होती. 'दोन वर्षं वाईट गेली, आता तिसरं चांगलंच येणार' असे धरून कर्ज काढू नये.

आपले काम

गावात पीककापणी असेल त्या दिवशी शेतावर जा. चिठ्ठीत निघालेले शेत तेच आहे ना, विचारा. दोरी टेपाने मोजून लावली का, बघा. कडेची ताटे कोणी आत ओढत नाही ना, याकडे लक्ष ठेवा. धान्य आपल्यासमोर तोलू द्या. कागदावर लिहिलेला आकडा स्वतः वाचा, मगच सही करा. न वाचता अंगठा उठवायचे दिवस गेले. तुम्हाला आता अक्षर येते, आकडाही येतो.

आकडा वाढवून सांगू नका आणि घटवूही नका. खोट्या आकड्याचे पाप साऱ्या मंडळाला लागते.

प्रश्न

१. भात खालीवर न करता वरची शिते दाबली, तर काय चुकते?

२. मोजणीसाठी शेत चिठ्ठीने का निवडावे?

३. ५० चौरस मीटरच्या चौकटीत ४ किलो ज्वारी निघाली. हेक्टरी किती धराल?

४. पाच शेतांत २, २, ३, ३ आणि १० क्विंटल बाजरी झाली. सरासरी किती? मधला आकडा किती? सरासरीपेक्षा कमी पीक कितीजणांना झाले?

५. आपल्या आळीतल्या पाच घरी यंदा कोणते धान्य किती झाले, ते विचारून वहीत लिहा. सरासरी काढा आणि घरच्यांना वाचून दाखवा.