करोना होऊन गेला, मग आता हा ताप कसला?

प्रश्न : महिन्यापूर्वी घरात सगळ्यांना करोना झाला. आठ वर्षांच्या मुलाला जेमतेम सर्दी झाली होती. आता तीन दिवस १०२ ताप आहे, डोळे लाल आहेत, पोट दुखतंय. पॅरासिटामॉल देत राहू का? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, वाट पाहू नका. मुलांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात त्याला आजच न्या.

मुलांना करोना बहुधा सौम्यच होतो. मात्र त्यानंतर दोन ते सहा आठवड्यांनी थोड्या मुलांची प्रतिकारशक्ती भडकते आणि स्वतःच्याच अवयवांना सूज आणते. हा 'एमआयएस-सी'. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी एप्रिल २०२० मध्ये त्याबद्दल प्रथम सावध केलं. पोट इतकं दुखतं, की कधी अपेंडिक्सचाच संशय येतो. खरी काळजी हृदयाची: त्याची ताकद कमी होऊन रक्तदाब घसरू शकतो. हातपाय गार पडणं, सुस्ती, धाप यांपैकी काहीही दिसलं तर मध्यरात्रीसुद्धा निघा.

आरटीपीसीआर निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका; या टप्प्यावर ती अनेकदा तशीच येते. करोनाची अँटीबॉडी, सीआरपी, डी-डायमर, हृदयाची टू-डी इको या तपासण्या महत्त्वाच्या. डेंग्यूही तपासतीलच, कारण तोही असाच दिसतो.

निदान झालं तर स्टेरॉइड आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात, वजनाच्या दर किलोमागे २ ग्रॅम. ते महाग असतं; खर्च झेपणार नसेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. वेळेत उपचार मिळालेली बहुसंख्य मुलं बरी होतात. घरी आल्यावर इको पुन्हा करून घ्या आणि डॉक्टर सांगेपर्यंत धावपळीचे खेळ बंद ठेवा.